पाणी कुठं गेलं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घरोघरी गीझर येण्याआधी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असायचा. मधोमध उभी नळी, तिच्यात जळण आणि नळीच्या भोवती पाणी. तोटीखाली बादली लावायची आणि वरून तेवढंच गार पाणी ओतायचं, असा रोजचा क्रम. बंबात पाणी आहे की नाही हे न बघता कुणी जाळ घातला, तर घरातली मोठी माणसं रागवायची. रिकामा बंब तापला की त्याची झाळ सुटायची आणि मग तो खांद्यावर टाकून तांबट आळीची वाट धरावी लागायची.

मोटारीचं इंजिन हाही एक बंबच आहे. आत जाळ आणि भोवती पाणी. फरक एवढाच, की बंबात आपल्याला पाणी तापायला हवं असतं आणि इंजिनात त्या पाण्यानं जाळाची धग बाहेर वाहून न्यायची असते. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा क्षणभर दोन हजार अंश सेल्सियसच्या वर तापमान जातं. अॅल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळतं. तरीही इंजिन वितळत नाही, कारण सिलिंडरच्या भोवती खेळणारं पाणी ती उष्णता सतत उचलून रेडिएटरकडे नेत असतं. ढोबळ हिशेब असा, की इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश चाकं फिरवायला लागते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली बरीचशी या पाण्यावाटे. हे पाणी गळून गेलं, तर रिकाम्या बंबाचं जे होतं तेच इंजिनाचं होतं.

आज आपण ही गळती कशी शोधायची आणि कशी थांबवायची याबद्दल बोलणार आहोत. पण त्याआधी थोडा इतिहास पाहू. कारण गाडी तापली की आपण जे करतो, त्यातल्या बऱ्याच सवयी आपल्याला जुन्या गाड्यांनी लावल्या आहेत. गाड्या बदलल्या, सवयी मात्र तशाच राहिल्या.

पाणी पिणारी गाडी

कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात पाणी थंड करायची फारशी सोय नव्हती. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि ती उडून जायची. कमी झालेलं पाणी पुन्हा भरायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. मोटारीनं केलेला हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत इंधन एकदा औषधाच्या दुकानातून घेतलं, पण पाणी मात्र जिथं मिळेल तिथं पुन्हा पुन्हा भरावं लागलं. म्हणजे मोटार जन्माला आली तीच तहानलेली.

ही तहान कमी केली विल्हेल्म मायबाख यानं. डाइम्लर कंपनीच्या १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला त्यानं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा जायचा आणि त्यांच्या फटींतून पाणी. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागायचं, या गाडीचं ९ लिटरमध्ये भागू लागलं. तेच पाणी तापायचं, निवायचं आणि परत फिरायचं. आज तुमच्या-आमच्या गाडीत बॉनेटखाली पुढच्या बाजूला जो रेडिएटर आहे, तो या पोळ्याचाच वंशज.

हे सगळं दूर जर्मनीत घडलं, म्हणून ते आपल्यापासून लांब आहे असं मात्र नाही. टेल्कोनं १९५४ मध्ये याच डाइम्लर-बेंझशी सहकार्याचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये टेल्को पिंपरी-चिंचवडला आली. मर्सिडीज मोटारी १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात जोडल्या जाऊ लागल्या आणि २००९ मध्ये त्यांचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. मायबाखच्या रेडिएटरची वंशावळ अशी आळंदीच्या शिवेपर्यंत येऊन पोहोचली आहे.

घाट आणि पाण्याचा डबा

इंग्रजांनी बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला केला तो बैलगाड्यांसाठी. पुढे त्याच वळणांवरून मोटारी चढू लागल्या. घाट चढताना इंजिनावर भार सगळ्यांत जास्त असतो. पण गाडीचा वेग कमी असल्यानं रेडिएटरवर वारा कमी येतो. धग जास्त आणि वारा कमी, म्हणजे पाणी उकळणार हे ठरलेलंच. त्यातच समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारं पाणी खंडाळ्याच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुणे प्रवास केला आहे, त्यांना बोरघाटातलं दृश्य आठवत असेल. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली अँबॅसॅडर, तिच्यापुढे वाफ सोडणारी फियाट आणि हातात डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला चालक. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला गाडी थांबायचीच, तेवढ्यात इंजिनही थोडं निवायचं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची फियाट १९७४ पासून पद्मिनी या नावानं विकली जाऊ लागली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर राहिली. या गाड्यांच्या डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाण्याचा डबा या तीन वस्तू ठरलेल्या असायच्या.

दिवेघाटाची गोष्टही अशीच. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि पुण्याचा मुक्काम आटोपून दिवेघाटातून सासवडला जाते. घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. बैलांना जादा जोडी मिळते, पण दिंड्यांचं सामान, तंबू आणि शिधा वाहणाऱ्या ट्रकला आणि पाण्याच्या टँकरला ती मिळत नाही. वारीच्या दिवसांत ही वाहनं गर्दीतून पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं सरकतात. चढ आणि मंद चाल, दोन्ही एकत्र. इंजिनाची सगळ्यांत कठीण परीक्षा हीच. एखादा ट्रक तापून बंद पडला, तर तळावर त्याची वाट पाहणाऱ्या शे-दोनशे माणसांचा रात्रीचा स्वयंपाक अडतो.

त्या काळच्या चालकांनी या परीक्षेसाठी आपले उपाय शोधून काढले होते. रेडिएटर ठिबकायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरत भोकापाशी जाऊन अडकायचे आणि गाडी गावापर्यंत पोहोचायची. बाहेरच्या देशांत याच कामासाठी काळी मिरी किंवा अंड्याचा पांढरा बलकही वापरला गेला आहे. दुसरा उपाय थर्मोस्टॅटचा. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याची वाट अडवून ठेवणारी ही छोटी झडप. आपला देश गरम, तेव्हा तिचं काय काम, असं म्हणून ती काढून टाकायची रीतच पडली होती. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे पाणी कमी झालं की वरून ओतायचं. विहिरीचं, ओढ्याचं, नळाचं, जे मिळेल ते.

त्या गाड्यांच्या बाबतीत हा तिसरा उपाय अगदी बरोबर होता. कारण ती गाडी खरोखरच पाणी प्यायची. थोडं उकळून जायचं, थोडं वरच्या नळीतून सांडायचं. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघणारा चालक हा चांगला चालक समजला जायचा.

झाळकाम

रेडिएटर तेव्हा तांब्या-पितळेचे होते. पुण्यात पेशवाईपासून तांबट आळी असल्यानं, फुटकं भांडं टाकून न देता झाळून घ्यायचं ही गोष्ट इथल्या माणसाला सांगावी लागत नव्हती. रेडिएटरच्या दुरुस्तीतही तेच तत्त्व होतं. दुकानदार रेडिएटर गाडीतून उतरवायचा, त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करायचा, एका तोंडातून हवा भरायचा आणि तो पाण्याच्या हौदात बुडवायचा. बुडबुडे जिथून येतील तिथं खडूनं खूण करायची, जागा घासून साफ करायची आणि डाग द्यायचा. सायकलचं पंक्चर काढणारा घमेल्यात ट्यूब बुडवून जे करतो, तेच हे काम मोठ्या प्रमाणावर.

गळती शोधायची ही पद्धत अजूनही संपलेली नाही. फक्त तिच्या शेजारी नव्या पद्धती येऊन बसल्या आहेत आणि त्यांचा इतिहासही मोठा गमतीचा आहे.

१८७१ मध्ये अॅडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं फ्लुओरेसीन नावाचा हिरवा चमकणारा रंग तयार केला. त्यानंतर सहाच वर्षांनी हा रंग एका नदीची गळती शोधायला वापरला गेला. डॅन्यूब नदीचं पाणी जर्मनीत एका ठिकाणी पात्रातल्या भेगांमधून जमिनीत नाहीसं होतं. ते जातं कुठं? १८७७ मध्ये तिथं दहा किलो फ्लुओरेसीन ओतण्यात आलं आणि सुमारे साठ तासांनी कित्येक किलोमीटर दूरचा आख नदीचा झरा हिरवागार होऊन वाहू लागला. डॅन्यूबचं पाणी डोंगराखालून दुसऱ्याच नदीला मिळत होतं. आज गॅरेजमध्ये कुलंटमध्ये असाच चमकणारा रंग मिसळतात, गाडी थोडी फिरवून आणतात आणि अतिनील प्रकाशाचा दिवा इंजिनावर फिरवतात. जिथं हिरवट-पिवळी रेघ चमकेल तिथं गळती.

दुसरी पद्धत हेलियमची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करण्याची अवाढव्य यंत्रणा उभी राहिली. तिथं सुईच्या टोकाहून सूक्ष्म छिद्रही चालणार नव्हतं. म्हणून हेलियम वायूचा एखाद-दुसरा कण निसटला तरी ओळखणारं उपकरण बनवलं गेलं. तेच तंत्र पुढे एसीचे कंडेन्सर आणि रेडिएटरसारखे भाग तपासायला कारखान्यांत आलं. चाकणजवळ कुरुळीला रेडिएटर आणि एसीचे भाग बनवणारा कारखाना आहे. तो मुळात स्टुटगार्टच्या, १९०५ साली स्थापन झालेल्या बेर या रेडिएटरवाल्या कंपनीशी जोडलेला. पुढे ही कंपनी माले या उद्योगसमूहात गेली. आळंदी-चाकण परिसरातल्या कितीतरी घरांत अशा कारखान्यांत कामाला जाणारं कुणी ना कुणी आहे. गळती शोधण्याची विद्या या भागात अशी रोजच्या पगाराची झाली आहे.

झाकण बंद झालं, गळती दडली

मधल्या काळात गाडीत तीन मोठे बदल झाले.

पहिला बदल झाकणाचा. रेडिएटरचं झाकण स्प्रिंगचं आणि घट्ट झालं. आतला दाब वाढला की पाणी उकळायचं तापमानही वाढतं, हे आपल्या स्वयंपाकघरातला कुकर रोज सांगतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला पाणी साधारण १२० अंशांना उकळतं. आता घाटातही पाणी सहजी उकळेना.

दुसरा बदल पाण्याचा. एथिलिन ग्लायकॉल हा द्रव फ्रान्सच्या वुर्ट्झ या शास्त्रज्ञानं १८५६ मध्ये तयार केला होता. १९२०च्या दशकात अमेरिकेत तो मोटारींसाठी बाजारात आला. थंड देशात पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण ग्लायकॉल मिसळलेलं पाणी उशिरा उकळतं आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं आतल्या धातूचं रक्षण करतात. यालाच आपण कुलंट म्हणतो. त्याचा हिरवा, गुलाबी, नारिंगी रंग हा वरून घातलेला असतो. रंगावरून दर्जा ठरत नाही आणि सारखा रंग म्हणजे सारखं रसायन असंही नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेच वापरावं.

तिसरा बदल धातूचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९८ मध्ये पिंपरी-चिंचवडमधून टाटांची इंडिका आली, पाठोपाठ इतर गाड्या आल्या. इंजिनाची हेड अॅल्युमिनियमची होत गेली आणि रेडिएटरही अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्या लावलेले झाले. वजन घटलं, किंमत घटली. पण बिडाचं जुनं हेड थोडं तापलेलं सहन करायचं, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. एकदा वाकलं की गॅस्केट उडतं आणि मग खर्च काही शेकड्यांत राहत नाही. प्लास्टिकच्या टाकीला डागही देता येत नाही.

या बदलांचा एक परिणाम असा झाला, की कुलंटचं सगळं सर्किट बंद झालं. तापल्यावर फुगलेला द्रव शेजारच्या टाकीत जातो आणि निवल्यावर परत येतो. चांगल्या स्थितीतली गाडी वर्षभरात जेमतेम थोडंसं कुलंट कमी करते. ती पाणी पीत नाही. म्हणूनच आज टाकीतली पातळी महिन्याभरात खाली गेली, तर त्याचा अर्थ एकच होतो, कुठंतरी गळती आहे.

आणि इथंच जुनी सवय घात करते. पातळी खाली गेलेली दिसली की हात आपोआप बाटलीकडे जातो. पाणी ओतलं की काटा खाली येतो आणि मनही शांत होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. जी सवय बोरघाटात इंजिन वाचवत होती, तीच आज गळती झाकून ठेवते. शिवाय बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत बसतात, जसे बंबाच्या आत बसायचे. गंज चढतो, कुलंट पातळ होतं आणि एक बारीक भोक होतं तिथं तीन होतात. म्हणून पाणी ओतायच्या आधी एक प्रश्न विचारावा : आधीचं पाणी कुठं गेलं?

शोध कसा घ्यायचा?

त्याचं उत्तर शोधायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पहिली तपासणी आपली आपण करता येते, आणि ती इंजिन पूर्ण गार असतानाच करायची.

सलग आठवडाभर सकाळी गाडी सुरू करण्याआधी टाकीवरच्या किमान आणि कमाल रेघांमध्ये पातळी कुठं आहे ते बघा. रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर तो कुठल्या भागाखाली आहे ते पाहा. रंगहीन, वास नसलेलं पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको. रंगीत, बोटांना निसरडा लागणारा आणि गोडसर वासाचा डाग कुलंटचा. बऱ्याचदा थेंब खाली पडतच नाही, गरम इंजिनावर तो तिथंच वाळतो आणि पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी मागे राहते. बॅटरी घेऊन ती खरपुडी शोधा.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. रेडिएटरकडे जाणारे वरचे आणि खालचे रबरी पाईप, दाबून पाहिले तर भेगा दिसतात किंवा रबर फुगून मऊ झालेलं कळतं. पाईपाच्या टोकाच्या क्लिपा. रेडिएटरमध्ये प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम जिथं जुळतं तो सांधा. पाण्याच्या पंपाच्या अंगावरचं छोटं भोक, आतलं सील गेलं की कुलंट मुद्दाम इथूनच बाहेर येतं, सील गेल्याची सूचना द्यायला. आणि झाकणाचं रबर, कारण झाकण दाब धरत नसेल तर गळती नसतानाही कुलंट उडून जातं. पुढच्या सीटजवळची चटई ओली असेल आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं धरत असेल, तर आतला हीटर गळतो आहे.

एवढं करूनही सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाची चाचणी करायला सांगा. गार इंजिनाच्या झाकणाच्या जागी एक पंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला तर गळती आहे. दाबामुळे थेंबही दिसू लागतो. काटा उतरतो पण बाहेर कुठंच ओल नाही, तर गळती आत आहे. तेव्हा ऑइलची कांडी काढून बघावी. ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल, गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. खात्रीसाठी एक निळा द्रव असतो. टाकीवरची हवा त्यातून जाऊ दिली आणि त्याचा रंग पिवळट झाला, तर इंजिनातला धूर कुलंटमध्ये शिरतो आहे हे नक्की.

दुरुस्ती शोधापेक्षा सोपी. क्लिप ढिली असेल तर आवळायची. पाईप चिरला असेल तर चिकटपट्टी न लावता बदलायचा, आणि एक गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही तपासायचे. पंपाचं सील गेलं तर पंप बदलायचा. प्लास्टिकच्या टाकीचा रेडिएटर फुटला तर एम-सील लावून महिना निघेल, भरवसा नाही, तो बदललेलाच बरा. बाटलीतून मिळणारी गळतीरोधक औषधं म्हणजे हळदीचीच सुधारलेली आवृत्ती. अडचणीत गावापर्यंत पोहोचवतील, पण आतल्या बारीक नळ्याही तीच बुजवतात. काम झालं की योग्य कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ठरलेल्या प्रमाणात भरायचं, सर्किटमधली अडकलेली हवा काढायची आणि गाडी फिरवून, पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघायची. शेवटची ही पायरी पुष्कळदा राहून जाते.

झाकणाला हात लावू नका

रस्त्यात काटा लाल रेषेकडे चढला तर आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. उकडेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही उतरत नसेल, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. द्रुतगती मार्गावर असाल तर गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभे राहा. मग किमान अर्धा-पाऊण तास थांबा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेला द्रव झाकण सैल होताच एका क्षणात उकळतो आणि चेहऱ्यावर, हातांवर उडतो. ओलं फडकं गुंडाळून झाकण फिरवायची रीत जुन्या कमी दाबाच्या गाड्यांची होती, आताच्या गाड्यांत ती माणसाला भाजून काढते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्यानं धातूला तडा जातो.

काट्याचीही एक खोड लक्षात ठेवा. तापमान मोजणारा भाग कुलंटमध्ये बुडालेला असतो. सगळं कुलंट गळून गेलं, तर तो कोरडा पडतो आणि कधीकधी काटा खाली दाखवत राहतो. काटा खाली, पण गाडीचा दम गेलेला आणि हीटरमधून गार हवा येत असेल, तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट. कुलंट चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं. भटकी कुत्री, मांजरं ते चाटतात, लहान मूलही चाटू शकतं. म्हणून सांडलेलं कुलंट माती टाकून पुसून घ्यावं, बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. जुनं काढलेलं कुलंट गटारात सोडायची पद्धत तर थांबवायलाच हवी. आळंदी परिसरातलं गटार शेवटी इंद्रायणीलाच मिळतं. नदीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाच्या बातम्या गेली काही वर्षं आपण वाचतो आहोत. तो फेस कुलंटचा नाही, त्याची कारणं सांडपाण्यात आणि कारखान्यांच्या पाण्यात आहेत. पण ज्या पाण्यात वारकरी श्रद्धेनं बुडी मारतो, त्यात आपल्या गॅरेजमधलं विष तरी जाऊ नये. जुनं कुलंट डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावं.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या की हे सगळं संपेल असं काहींना वाटतं. तसं होणार नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली, तिची बॅटरीही द्रवानंच थंड ठेवली जाते. इंजिन गेलं तरी कुलंट राहिलं, आणि कुलंट आहे तिथं पाईप, सांधे आणि गळतीही असणार.

येत्या ज्येष्ठात दिंड्यांचे ट्रक पुन्हा आळंदीकडे निघतील. ट्रकवर पताका बांधायच्या आदल्या आठवड्यात सात दिवस सकाळी पातळी बघितली, पाईप एकदा दाबून पाहिले आणि झाकणाचं रबर तपासलं, तर दिवेघाटात बॉनेट उघडायची वेळ बहुधा येणार नाही. त्या दिवशी तळावरच्या चुली वेळेवर पेटतील.